पिवळी चांदी, काळं लोखंड: नॅनोकणांनी पाणी तपासायला आणि स्वच्छ करायला शिकताना

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी किंवा एमएस्सीला प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की ‘नॅनोकणांनी पाण्याचं शुद्धीकरण’ हमखास पुढे येतं. विषय चांगलाच आहे. अडचण एवढीच, की त्यावर वाचायला मिळतं ते बहुतेक महागड्या यंत्रांभोवती फिरणारं. आपल्याकडे असतो एक कलरीमीटर (द्रावणाच्या रंगाची गडदता मोजणारं यंत्र), एक बरा तराजू, पीएच मीटर आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन. तेवढ्यावरही खरं काम होतं. मी विद्यार्थ्यांकडून खालचे दोन प्रयोग बरीच वर्षं करून घेते आहे. पहिल्यात चांदीच्या कणांचा रंग बदलताना पाहून पाण्यात काय आहे याचा अंदाज घ्यायचा. दुसऱ्यात लोखंडाच्या चुंबकीय कणांनी पाण्यातलं फॉस्फेट ओढून काढायचं.

सुरुवातीलाच एक अट घालते. ती तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाण्यात टाकलेला कण परत बाहेर काढता आला पाहिजे, आणि तो निघाला आहे हे दाखवता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर आपण एक प्रदूषक काढून दुसरा सोडलेला असतो.

कण लहान केल्यानं काय होतं

लोखंडाचं काळं ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, एक ग्रॅम घ्या. त्याची घनता साधारण ५.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. हा ग्रॅम १० नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांमध्ये वाटला (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), तर सगळ्या गोळ्यांचं पृष्ठफळ मिळून सुमारे ११५ चौरस मीटर भरतं, म्हणजे साडेबाराशे चौरस फुटांच्या आसपास. चिमूटभर काळ्या पुडीत अख्ख्या फ्लॅटची फरशी! प्रदूषक पृष्ठभागावर चिकटतो, त्यामुळे सगळा खेळ या फरशीचा आहे. हा हिशेब स्वतः करून बघा. गोळ्याचा व्यास दुप्पट केला की फरशी निम्मी होते.

चांदीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बारीक कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक लहरीवर एकत्र हेलकावे खातात आणि ती लहर शोषून घेतात. १०–१२ नॅनोमीटरच्या कणांसाठी ती लहर ४०० नॅनोमीटरच्या जवळ असते. निळसर-जांभळा प्रकाश शोषला गेला की उरलेलं द्रावण पिवळं दिसतं. कण एकमेकांना चिकटले, विरघळले किंवा त्यांच्यावर दुसरा धातू बसला, की हा रंग बदलतो. नॅनोकणांनी प्रदूषक ‘दिसतो’ तो असा.

भांडी: इथे घाई करू नका

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. आमच्या एका बॅचची तीन आठवड्यांची सगळी मापनं फेकून द्यावी लागली होती. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही फॉस्फेटचा निळा रंग येत होता. शोधता शोधता कळलं की परीक्षानळ्या कपड्यांच्या पावडरीनं धुतल्या जात होत्या. अनेक डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असतं आणि काचेला ते चिवटपणे धरून राहतं. तेव्हापासून नियम असा: फॉस्फेटच्या कामाची काच वेगळी ठेवायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं धुवायची, मग डिस्टिल्ड पाण्यानं चार-पाच वेळा विसळायची. साबण अजिबात नाही.

असाच आणखी एक छुपा चोर आहे. पीएच मीटर लावताना वापरतो ते ७ पीएचचं बफर (पीएच ठरावीक राखणारं द्रावण) बहुधा फॉस्फेटचंच असतं. इलेक्ट्रोड न विसळता नमुन्यात बुडवला, की आपणच आपल्या नमुन्यात प्रदूषक घातला. नमुन्यातून थोडं पाणी वेगळं काढून त्याचा पीएच मोजा आणि ते पाणी टाकून द्या.

चांदीच्या कामाला उलट नियम. तिथे हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंशही नको, कारण क्लोराइड चांदीला गाठतं. त्या भांड्यांना सौम्य नायट्रिक आम्ल वापरा, आणि दोन्ही प्रयोगांची काच एकत्र ठेवू नका.

पहिला प्रयोग: पिवळं द्रावण

सिल्व्हर नायट्रेट ०.०१७ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १०० मिलीलीटर करा. हे १ मिलीमोलर द्रावण झालं. सोडियम बोरोहायड्राइडचं २ मिलीमोलर द्रावण हवं, म्हणजे १०० मिलीलीटरमध्ये सुमारे ७.६ मिलीग्रॅम. एवढंसं वजन आपल्या तराजूवर नीट येत नाही, म्हणून दहापट तीव्र द्रावण करून लगेच पातळ करा. बोरोहायड्राइड पाण्यात टिकत नाही. ते हायड्रोजन सोडत विघटित होतं, त्यामुळे त्याच दिवशी, बर्फासारख्या गार पाण्यात बनवा, बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, जवळ ज्योत ठेवू नका.

आता बोरोहायड्राइडचं ३० मिलीलीटर द्रावण बर्फाच्या भांड्यात ठेवून ढवळत राहा आणि वीसेक मिनिटं पूर्ण गार होऊ द्या. सिल्व्हर नायट्रेटचे १० मिलीलीटर सेकंदाला एक थेंब या गतीनं सोडा. पहिल्या काही थेंबांतच फिकट पिवळा रंग येतो, पुढे तो गडद होतो. शेवटचा थेंब पडला की ढवळणं थांबवा. पुढेही ढवळत बसलात तर पिवळ्याचा जांभळा आणि मग राखाडी होतो, म्हणजे कण एकमेकांना चिकटले. सगळं करताना हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवर दिवसचे दिवस राहतात.

झालेल्या द्रावणातून लेझर पॉइंटरचा किरण सोडा. किरणाची वाट द्रावणात स्पष्ट दिसेल. साध्या मिठाच्या पाण्यात ती दिसत नाही. हीच टिंडॉल परीक्षा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

चार नळ्यांमध्ये हे द्रावण थोडं थोडं घ्या. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत मिठाचं तीव्र द्रावण, तिसरीत साखरेचं द्रावण, चौथीत नळाचं पाणी टाका. मीठ टाकताच रंग बिघडतो, कारण कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार मिठाच्या आयनांनी झाकला जातो. साखरेनं काही होत नाही. नळाच्या पाण्यानं काय होतं ते तुमच्या गावच्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि इथेच या पद्धतीची खरी अडचण समजते.

चांदीचे कण पाऱ्याला प्रतिसाद देतात. पाऱ्याचा आयन चांदीकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकतो, कारण त्याचं प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीचं माप, ०.८५ व्होल्ट आहे आणि चांदीचं ०.८०. पारा कणावर बसतो, चांदी विरघळते आणि पिवळा रंग फिका पडत जातो. चांदीच्या कणांनी पारा ओळखतात तो याच तत्त्वावर. पण रंग मिठानंही बिघडतो! म्हणून ‘रंग गेला, म्हणजे पारा आहे’ असं कधीच लिहू नका. शिवाय भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लीटरमागे ०.००१ मिलीग्रॅम आहे, आणि उघड्या चांदीच्या कणांचा डोळ्यांना दिसणारा बदल साधारणपणे त्याच्या बऱ्याच वरच्या प्रमाणात होतो. रंग बदलला नाही म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही. पाऱ्याचे क्षार नवख्यांनी हाताळूच नयेत. ती नळी शिक्षकांनी फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) दाखवावी, आणि ती शक्य नसेल तर मीठ आणि साखर एवढ्यावरही शिकायचं ते शिकून होतं.

कोणी म्हणेल, बोरोहायड्राइड कशाला, कडुनिंबाच्या पानांचा अर्क वापरू. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटानं २००४ साली कडुनिंबाच्या अर्कानं चांदी आणि सोन्याचे कण बनवल्याचं प्रसिद्ध केलं, आणि तेव्हापासून तुळशीपासून डाळिंबाच्या सालीपर्यंत सगळ्यांवर प्रयोग झाले. वाट सुंदर आहे, पण तुमचा पहिला प्रयोग तो नसावा असं माझं ठाम मत आहे. अर्कातले शेकडो पदार्थ कणांवर बसतात, पानांचा हंगाम बदलला की कण बदलतात, आणि रंग कशानं बदलला हे सांगताच येत नाही. आधी साधे, ओळखीचे कण हाताखालून जाऊ द्या.

दुसरा प्रयोग: आर्सेनिकच्या आधी फॉस्फेट

लोखंडी नॅनोकणांचं सगळ्यात मोठं काम आर्सेनिकवर झालं आहे. पश्चिम बंगाल, बिहार, बांगलादेश इथल्या भूजलाचा तो जीवघेणा प्रश्न आहे, आणि छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही तो आहे. आपल्या गडचिरोलीपासून तो भाग फार लांब नाही. मानक लीटरमागे ०.०१ मिलीग्रॅम. विद्यार्थ्यांना थेट आर्सेनिक घ्यावंसं वाटतं. घेऊ नका. ते विष आहे, आणि एवढं कमी प्रमाण मोजायला लागणारं यंत्र आपल्याकडे नसतं.

त्याऐवजी फॉस्फेट घ्या. आवर्त सारणीत फॉस्फरसच्या अगदी खाली आर्सेनिक आहे. फॉस्फेट आणि आर्सेनेट यांची घडण सारखी, भार सारखे, आणि लोखंडाच्या पृष्ठभागाला दोघंही जवळजवळ त्याच रीतीनं चिकटतात. एकावर हात बसला की दुसऱ्याची रसायनविद्या कळते. आणि फॉस्फेट हा नुसता बदली खेळाडू नाही. सांडपाण्यातून आणि शेतातून वाहून येणारं फॉस्फेट हे जलपर्णीचं खत आहे. उजनीचं पाणी किंवा पुण्याजवळच्या नद्या ज्यांनी उन्हाळ्यात हिरव्या चादरीखाली पाहिल्या आहेत, त्यांना या प्रयोगाचं मोल वेगळं सांगायला नको.

काळे कण बनवणं

पाणी आधी उकळून, झाकून गार करा, म्हणजे त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. १०० मिलीलीटर पाण्यात फेरिक क्लोराइड (सहा पाण्याचं) ५.४ ग्रॅम आणि फेरस सल्फेट (सात पाण्याचं) २.८ ग्रॅम विरघळवा. मोलच्या हिशेबात हे प्रमाण दोनास एक असं आहे, आणि तेच महत्त्वाचं. फेरस सल्फेटचे खडे हिरवट असले पाहिजेत. बाटलीत तपकिरी पावडर दिसली तर ते जुनं, हवेनं बिघडलेलं आहे. त्यातून काळे कण निघणार नाहीत, गंज निघेल.

द्रावण ६०–७० अंश सेल्सियसला ठेवून, जोरात ढवळत, फ्यूम हूडमध्ये अमोनियाचं २५ टक्के द्रावण थेंबाथेंबानं सोडा. पीएच १० च्या वर जाईपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलीलीटर. तपकिरी रंग बघता बघता काळा कुळकुळीत होतो. अर्धा तास ढवळू द्या, मग गार करा. भांड्याखाली जाड चुंबक ठेवा. जुन्या स्पीकरचा किंवा बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला चुंबक चालतो. काळा थर तळाशी खेचला गेला की वरचं पाणी ओता, नवं पाणी घाला, ढवळा, पुन्हा चुंबक. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत. हिशेबानं दोन ग्रॅमपेक्षा थोडे जास्त कण मिळायला हवेत.

आता ते वाळवू नका! वाळलेले कण ढेकळं धरतात आणि मघाच्या फरशीतला मोठा भाग आत गाडला जातो. ओला रबडाच बाटलीत ठेवा. किती कण आहेत ते कळण्यासाठी बाटली हलवून १० मिलीलीटर रबडा वजन केलेल्या वाटीत घ्या, रात्रभर ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वजन करा. त्यावरून ५० मिलीग्रॅम कणांसाठी किती मिलीलीटर रबडा घ्यायचा ते निघतं.

फॉस्फेट मोजणं

पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२१९५ ग्रॅम एका लीटरमध्ये विरघळवलं की लीटरमागे ५० मिलीग्रॅम फॉस्फरसचं मूळ द्रावण तयार होतं. मोजण्याची पद्धत मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली दिलेली, अजूनही सगळीकडे वापरली जाणारी: आम्लात अमोनियम मॉलिब्डेट फॉस्फेटशी जोडलं जातं आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व क, त्याला निळं करतं. थोडं पोटॅशियम अँटिमोनिल टार्ट्रेट ही क्रिया वेगानं घडवतं. या सगळ्यांचं मिश्रण चारेक तासच टिकतं, म्हणून रोज ताजं करा. निळा रंग १० ते ३० मिनिटांच्या दरम्यान वाचा. ८८० नॅनोमीटरला उत्तम, पण साध्या कलरीमीटरचा लाल फिल्टरही चालतो, संवेदनशीलता थोडी कमी मिळते. लीटरमागे ०.१ ते १ मिलीग्रॅमपर्यंत पाच-सहा बिंदूंची सरळ रेषा काढा. नमुना त्याहून तीव्र असेल तर पातळ करून मोजा, रेषा लांबवून उत्तर काढू नका.

ही पद्धत आर्सेनेटलाही निळा रंग देते. दोघं किती सख्खे आहेत त्याचा हा आणखी एक पुरावा, आणि खऱ्या नमुन्यांत गोंधळाचं एक कारणही.

खरी कसोटी

लीटरमागे ५ मिलीग्रॅम फॉस्फरसचं १०० मिलीलीटर पाणी, त्यात ५० मिलीग्रॅम कण. शेजारी दोन भांडी हवीतच: एकात फॉस्फेट आहे पण कण नाहीत, दुसऱ्यात कण आहेत पण फॉस्फेट नाही. पहिलं भांडं सांगतं की फॉस्फेट काचेला चिकटून गेलं नाही. दुसरं सांगतं की कणांमुळेच खोटा रंग येत नाही. प्रत्येक भांडं तीनदा. म्हणजे नऊ भांडी झाली, आणि ती लागतातच.

५, १०, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी थोडा नमुना घ्या, चुंबकानं कण बाजूला करा, गाळा, मोजा. समजा शेवटी लीटरमागे १ मिलीग्रॅम उरलं. म्हणजे लीटरमागे ४ मिलीग्रॅम गेलं, १०० मिलीलीटरमधून ०.४ मिलीग्रॅम गेलं, आणि ते ०.०५ ग्रॅम कणांनी धरलं. ग्रॅममागे ८ मिलीग्रॅम. अहवालात हा आकडा लिहा. ‘८० टक्के काढलं’ याला एकट्यानं अर्थ नाही, कारण दुप्पट कण टाकले तर टक्के वाढतीलच.

मग पीएच बदलून तेच करा: ५, ७, ९. मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग साधारण ७ च्या खाली धनभारित असतो आणि ऋणभारित फॉस्फेटला ओढतो. वर गेलात की तोच पृष्ठभाग ऋणभारित होऊन त्याला ढकलतो. आलेख काढला की हे डोळ्यांसमोर येतं.

आणि मग घरचं पाणी आणा. एका विद्यार्थिनीनं सुट्टीत गावच्या विहिरीचं पाणी आणलं, त्यात मोजून फॉस्फेट मिसळलं, आणि डिस्टिल्ड पाण्यातला सुंदर आकडा खूपच खाली आला. ती खट्टू झाली. मला मात्र तिच्या अहवालातला तो सगळ्यात मोलाचा तक्ता वाटला. आपलं दख्खन बेसाल्टवर बसलं आहे, त्या खडकातून भूजलात सिलिका विरघळते, आणि सिलिकेटही लोखंडाच्या त्याच जागा बळकावतं. बायकार्बोनेटही गर्दी करतं. ज्या लेखात फक्त डिस्टिल्ड पाण्यातले आकडे आहेत, त्यावर मी फार विश्वास ठेवत नाही.

कण परत आले का

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटानं २००६ साली दाखवलं की सुमारे १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी ताकदीच्या चुंबकानंही पाण्यातून वेगळे होतात, आर्सेनिकसह. आशादायक गोष्ट आहे, पण तुमच्या भांड्यात ती घडली का, हे तुम्हालाच तपासायचं आहे. चुंबकानंतरच्या पाण्यातून लेझर सोडा. वाट दिसली तर कण अजून आत आहेत. मग त्या पाण्याचा थोडा भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लासोबत गरम करा, गार झाल्यावर अमोनियम थायोसायनेटचे थेंब टाका. लालसर रंग म्हणजे लोखंड आहे, विरघळलेलं किंवा कणांच्या रूपात. सोबत नुसत्या आम्लाची नळी ठेवा, कारण स्वस्त आम्लातही लोखंडाचा अंश असतो.

वापरलेले कण ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर ठेवले की फॉस्फेट बरंचसं सुटतं. धुऊन पुन्हा वापरा, निदान पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीचा आकडा नोंदवा. सुटलेलं फॉस्फेट, वापरलेले कण, चांदीचं द्रावण, काहीही बेसिनमध्ये ओतायचं नाही. चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या बरण्यांत साठवून महाविद्यालयाच्या घातक कचऱ्यात द्या. चांदी जिवाणूंना मारते, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या जिवाणूंवरच चालतात.

पुढची पायरी

सुटे कण घरगुती फिल्टरमध्ये वापरता येत नाहीत, त्यांना कशात तरी बांधावं लागतं. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटानं लोखंडाचे अतिसूक्ष्म ऑक्सिहायड्रॉक्साइड कण कायटोसान या जैविक बहुवारिकाच्या जाळीत धरून आर्सेनिक काढणारं साहित्य तयार केलं. ‘अमृत’ या नावानं ते गावांपर्यंत पोचलं. या कामाची दखल घेत त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

आपल्या प्रयोगशाळेत याची छोटी आवृत्ती करता येते. सोडियम अल्जिनेटचं (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थाचं) २ टक्के द्रावण करा, त्यात काळा रबडा मिसळा, आणि सुई काढलेल्या सिरिंजनं कॅल्शियम क्लोराइडच्या २ टक्के द्रावणात थेंब सोडा. तळाला मिऱ्यांसारखे काळे मणी जमतात. रात्रभर तसेच ठेवून कडक होऊ द्या, धुवा, आणि एक दिवस डिस्टिल्ड पाण्यात बुडवून त्या पाण्याची थायोसायनेट परीक्षा घ्या. त्यानंतरच फॉस्फेटच्या पाण्यात टाका, आणि रोज मण्यांकडे बघा. अल्जिनेटची जाळी कॅल्शियमनं धरलेली असते आणि फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे तीव्र फॉस्फेटमध्ये मणी फुगतात, मऊ पडतात आणि कण सोडू लागतात. किती प्रमाणापर्यंत ते टिकतात, हा एका सत्राच्या प्रकल्पाला पुरेल एवढा प्रश्न आहे.